बॉल बॅटला लागेपर्यंत बघ म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की बेसबॉल म्हणजे नुसते फुलटॉस, आपल्या गल्लीतलं पोरगंसुद्धा मारेल, फक्त बॅट जड घ्यायची आणि बॉल बॅटला लागेपर्यंत नजर हलवायची नाही. मी लक्ष दिलं नसतं, पण न्यू जर्सीत दाजींनी तो वाचला आणि नऊ वर्षांच्या भाच्याला तासभर "नीट बघितलं नाहीस म्हणून चुकलं" असं ऐकवलं. पोरगं व्हिडिओ कॉलवर रडवेलं झालं होतं.

अहो दाजी, शेवटपर्यंत बघणं मोठमोठ्या खेळाडूंनाही जमत नाही! १९८४ मध्ये टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ या संशोधकांनी हे मोजलंय. मासे पकडायच्या दोरीत प्लॅस्टिकचा पांढरा बॉल ओवून तो मोटरने ओढला आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांची हालचाल टिपली, तर मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगच्या, खेळाडूचीही नजर प्लेटपासून (बॅटरच्या पुढ्यातली पाटी) साधारण साडेपाच फुटांवर मागे पडली, आणि तो बाकीच्यांपेक्षा कितीतरी सरस होता. प्लॅटफॉर्मवर उभं राहून फास्ट लोकल बघा, लांबून निवांत येतेय असं वाटतं आणि समोरून जाताना डब्यातला माणूस ओळखू येत नाही, तसंच हे. आणि शेवटी दिसलं तरी उपयोग काय? ताशी १५० किलोमीटरचा बॉल हातातून सुटल्यापासून साधारण ०.४ सेकंदात पोचतो, त्यातले ०.१५ बॅट फिरवण्यातच जातात, म्हणजे मारायचं की सोडायचं हे बॉल सहा-सात मीटर लांब असतानाच ठरलेलं असतं.

थोडं खरं आहे, मान्य करतो. काही जण मधला बॉल सोडून नजर पुढे उडी मारून नेतात आणि त्यांना तो बॅटजवळ दिसू शकतो, असंही त्याच दोघांनी लिहिलंय, पण त्या फटक्याला त्याची मदत होत नाही, झाली तर पुढच्या वेळच्या अंदाजाला. डोकं स्थिर ठेव म्हणणंही बरोबरच.

फुलटॉसचं म्हणाल तर टप्पा नाही हे कबूल, पण कर्व्हबॉल हवेतच वळतो आणि बॅट गोल, जाडीला जास्तीत जास्त २.६१ इंच, क्रिकेटची सपाट सव्वाचार इंच रुंद असते. शिवाय मारायचं ९० अंशांच्या आत, लेट कट, लेग ग्लान्स सगळं फाऊल, म्हणजे हद्दीबाहेर. १९४१ मध्ये मेजर लीगच्या टेड विल्यम्सची सरासरी .४०६ होती, म्हणजे दहा संधींत चारच हिट (यशस्वी फटके), आणि त्यानंतर मेजर लीगमधल्या अमेरिकन किंवा नॅशनल लीगच्या, पुरेशा वेळा खेळलेल्या कुठल्याच बॅटरला पूर्ण सीझनमध्ये .४०० गाठता आलेलं नाही.

जड बॅटने लहान पोराचा स्विंग मंदावतो, बस्स.

ताई, त्याची हलकी बॅट परत काढ आणि त्याला सांग, पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) हातातून बॉल सुटतो तिथे बघ.