'फौजेच्या मैदानाची डागडुजी म्हणजे पैशाची उधळण': एका फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस खान्देशातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. माजी सैनिकांच्या ग्रुपवर, शेतकऱ्यांच्या ग्रुपवर, अगदी केळीच्या भावाच्या ग्रुपवरही. मजकूर थोडक्यात असा: 'फौज जिथे सराव करते त्या जमिनीच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी मागणारे लोक जवानाच्या हातातली गोळी काढून झाडाला पाणी घालायला निघालेत. जगातली कुठलीच फौज असले लाड करत नाही. निसर्ग आपोआप भरून येतो. शेतकऱ्याला भरपाई मिळते, मग आणखी काय पाहिजे?' खाली तिरंगा आणि 'पुढे पाठवा'.

आपल्याकडे गावोगावी फौजेत गेलेली पोरं आहेत, त्यामुळे असा मजकूर वाचून अंगठा आपसूक दाबला जातो. दाबण्याआधी एकेक वाक्य तपासू.

'जगातली कुठलीच फौज असले लाड करत नाही.'

साफ खोटं. ज्या अमेरिकेच्या लष्करी ताकदीचे गोडवे हेच ग्रुप गातात, तिथे लष्करी तळांवरच्या निसर्गाच्या जतनासाठी 1960 पासून कायदा आहे, साइक्स अ‍ॅक्ट. 1997 च्या दुरुस्तीनंतर तर मोठ्या तळांना नैसर्गिक संपत्तीचा लेखी आराखडा ठेवणं बंधनकारक झालं. शिवाय तिथल्या भूदलाचा सरावाच्या जमिनीसाठी खास कार्यक्रम आहे. चाकोऱ्या बुजवणं, स्थानिक गवत पेरणं, रणगाडे ओढा ओलांडतात तिथे दगड टाकून पक्का उतार करणं, एका पट्ट्याला विश्रांती देऊन सराव दुसरीकडे हलवणं, ही त्यातली कामं. गंमत अशी की हा कार्यक्रम पर्यावरण शाखेच्या नव्हे, प्रशिक्षण शाखेच्या अखत्यारीत चालतो. मैदान उखडलं तर सरावच बिघडतो, हे प्रशिक्षण बघणाऱ्या अधिकाऱ्यांना कळतं. याला लाड कसं म्हणायचं? तळावर शिकार आणि मासेमारीच्या परवान्याची जी फी जमते, तीही त्याच तळावरच्या वन्यजीवांच्या कामी लावायची सोय कायद्यात आहे.

'निसर्ग आपोआप भरून येतो.'

हे वाक्य खान्देशातल्या माणसाने पुढे पाठवावं याचं मला खरंच नवल वाटतं. वाफसा नसताना काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर काय होतं ते इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. चाकाखालची माती दाबली जाते, पाणी खाली जात नाही, आणि त्या पट्ट्यात पुढच्या हंगामातही पीक खुरटतं. आता ट्रॅक्टरच्या जागी टी-72 रणगाडा ठेवा. वजन सुमारे 41 टन. टी-90 त्याहून जड, आणि अर्जुन तर अठ्ठावन्न टनांच्या वर.

पण नुसतं वजन हा अर्धा भाग झाला. रणगाड्याला मोटारीसारखं स्टीअरिंगने पुढचं चाक वळवता येत नाही. एका बाजूचा पट्टा हळू आणि दुसरीकडचा जोरात फिरवून तो वळतो. सरळ जाताना गवत नुसतं चेपलं जातं, त्याच्या मुळ्या बऱ्याचदा जगतात. वळताना मात्र पट्टा जमिनीवर आडवा घासतो आणि मुळांसकट वरची माती खरवडून बाजूला तिचा बांध लावतो. जेवढं वळण आखूड, तेवढा ओरखडा खोल. लढाईचा सराव म्हणजे वळणंच वळणं. मग जूनचा पहिला जोरदार पाऊस येतो, चाकोरीत पाणी धरतं, उतार सापडला की धावतं, आणि दोन-तीन पावसाळ्यांत चाकोरीची घळ होते. घळ एकदा पडली की ती कशी वाढत जाते, हे भुसावळ-मुक्ताईनगरकडे तापी-पूर्णेच्या काठची खोंगळं पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. ती नदीने पाडलेली आहेत, फौजेने नव्हे. पण माती वाहून जायची रीत तीच.

कोरड्या मुलखात तर आणखी वेळ लागतो. दुसऱ्या महायुद्धात जनरल पॅटन यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात रणगाड्यांचं सराव केंद्र उघडलं. 1944 मध्ये ते बंद झालं. तिथल्या चाकोऱ्या कित्येक दशकांनंतरही दिसत होत्या.

'शेतकऱ्याला भरपाई मिळते.'

मिळते, कायद्यात आहे. 1938 चा युद्धसराव आणि तोफखाना सरावाचा कायदा अजून लागू आहे. सरावात पिकाचं, मालमत्तेचं नुकसान झालं तर भरपाई देय आहे. ती ठरवण्यासाठी कलेक्टरने महसूल अधिकारी फौजेबरोबर पाठवायचा, असंही त्यात आहे. एकाच भागात असा युद्धसराव साधारणपणे तीन वर्षांत एकदाच करावा, अशी अटही आहे. म्हणजे जमिनीला दम लागतो हे इंग्रजांच्या राज्यातही कळत होतं!

पण भरपाई मिळते माणसाला. कपाशी तुडवली तर कपाशीचे पैसे मिळतील. खालची घट्ट झालेली माती मोकळी करायला, ओढ्याचा फुटलेला काठ बांधायला त्यातून काही होत नाही. आणि जे मैदान कायमचं फौजेच्याच ताब्यात आहे, तिथे भरपाई मागायला शेतकरीच नसतो. मेसेजवाल्याने भरपाई आणि दुरुस्ती ही दोन खाती एक करून टाकली आहेत.

'जवानाच्या हातातली गोळी काढून...'

गोळीचंच बोलू. लहान शस्त्रांची काडतुसं आपल्या वरणगावच्या कारखान्यात बनतात, त्यामुळे विषय घरचाच आहे. रायफलच्या साध्या गोळीत तांब्याच्या कवचाखाली शिसं असतं. चांदमारीच्या मैदानावर वर्षानुवर्षं त्याच मातीच्या बांधात गोळ्या रुततात, आणि तो बांध वेळच्या वेळी चाळला नाही तर शिसं तिथेच साचत राहतं.

मोठ्या दारूगोळ्याची गोष्ट आणखी वाईट. अमेरिकेत केप कॉडच्या तळाखालच्या भूजलात आरडीएक्स हे स्फोटक उतरल्याचं आढळलं. ते पाणी आसपासच्या गावांच्या पिण्याचं. 1997 मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने तोफांचा आणि उखळी तोफांचा सराव आदेश काढून थांबवला. म्हणजे जवानाच्या हातातली गोळी काढून घेतली गेलीच, पण दुर्लक्ष झालं म्हणून. रावेर-यावलच्या केळीवाल्याला बोअरची खोली विचारा, मग भूजल बिघडणं म्हणजे काय ते तो सांगेल.

खर्च टाळल्याने वाचतो, असंही नाही. हवाईमधल्या काहोओलावे बेटावर अमेरिकन फौजेने 1941 ते 1990 बाँबफेकीचा सराव केला. पुढे संसदेने सफाईसाठी 40 कोटी डॉलर मंजूर केले. ते संपले तरी बेटाचा सुमारे चतुर्थांश भाग वरवरही साफ झालेला नव्हता. आपल्याकडे काश्मीरमधलं तोसामैदान फौजेने तोफांच्या सरावासाठी भाड्याने घेतलं होतं. तो करार 2014 मध्ये संपला, तेव्हा न फुटलेले गोळे शोधून निकामी करण्याची मोहीम फौजेलाच काढावी लागली. त्याआधी त्या गोळ्यांनी गुराखी आणि मुलं मारली होती.

'निधी मागणारे फौजेच्या विरोधात.'

इथे एक गोष्ट मेसेजवाल्याच्या बाजूने मान्य करतो. फायरिंग रेंजवर माणसांची ये-जा बंद असल्याने बऱ्याच ठिकाणी झाडोरा आणि जनावरं बाहेरच्यापेक्षा बरी टिकतात. ते खरं आहे. पण ते टिकवायलाही आगपट्टे, म्हणजे गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढावे लागतात, कारण गोळ्यांच्या ठिणगीने वाळलं गवत पेटतं.

राहिला फौज विरुद्ध झाड हा प्रश्न. 1982 मध्ये डेहराडूनला प्रादेशिक सेनेची (टेरिटोरियल आर्मीची) पहिली पर्यावरण बटालियन उभी राहिली, मसुरीच्या चुनखडीच्या खाणींनी उघडे पडलेले डोंगर हिरवे करायला. छत्रपती संभाजीनगरला महार रेजिमेंटची अशीच बटालियन आहे. त्यात बहुतेक माजी सैनिकच असतात, गणवेशातच झाडं लावतात. त्यांचा खर्च पर्यावरण मंत्रालय किंवा राज्य सरकार देतं, दारूगोळ्याच्या पैशाला हात लागत नाही. त्या बटालियनींवर आपल्या ग्रुपवर एकही फॉरवर्ड आलेला मी पाहिला नाही.