आयडलिंग वर-खाली होतंय म्हणून लगेच कार्बोरेटर खोलू नका

"आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू असताना, रेस वर-खाली होते म्हणजे कार्बोरेटरमध्ये कचरा. जेटमधून बारीक तार फिरवा, एअर स्क्रू पूर्ण बंद करून अडीच आटे उघडा, तरीही गाडी बंद पडली तर आयडल स्क्रू वाढवा." मोटरसायकलवाल्यांमध्ये हा सल्ला फार फिरतो. तो जसाच्या तसा पाळला तर धड असलेला कार्बोरेटर बिघडतो आणि मूळ दोष तिथेच राहतो.

आधी कचऱ्याचं बघू. पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा जेट) चोंदला की इंजिन चोकवर बरं चालतं, चोक काढला की मरतं, आणि वरच्या वेगात फारशी तक्रार नसते. त्यात गाडी एक-दोन महिने उभी असेल तर जेटवर संशय घ्यायला हरकत नाही. पण ॲक्सिलरेटर सोडल्यावर रेस वरच अडकते आणि सावकाश उतरते, तेव्हा आधी हवेची गळती तपासा. कार्बोरेटर आणि हेड (इंजिनचा वरचा भाग) यांच्यामधलं रबर वाकवून बघितलं की केसासारख्या भेगा दिसतात. क्लॅम्प, ओ-रिंग आणि व्हॅक्यूमची नळीही पाहा. इंजिन आयडलवर ठेवून या जोडांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. रेस बदलली तर गळती तिथेच आहे. यासाठी पेट्रोल किंवा ज्वालाग्राही स्प्रे कृपा करून वापरू नका, सायलेन्सर तापलेला असतो.

हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवल्यावर रेस चढते का, हेही बघा. चढत असेल तर केबल ताणली जातेय. मुठीला साधारण २ ते ६ मिमी मोकळी चाल हवी. आणि गाडी काही वेळ नीट चालून मग बंद पडत असेल, टाकीचं झाकण उघडताच 'फुस्स' होऊन पुन्हा सुरळीत चालत असेल, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय.

या सल्ल्यात टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातल्या गॅपचा, उल्लेखच नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. वापराने व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो, तशी गॅप कमी होते. गरम होऊन व्हॉल्व्ह लांबला की उरलीसुरली गॅपही संपते, तो पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. वेगात गळायला वेळच मिळत नाही, म्हणून गाडी पळताना ठीक वाटते आणि थांबली की मरते. 'टॅपेट वाजत नाही, म्हणजे सेटिंग ठीक आहे' हा समज धोक्याचा आहे, कारण घट्ट टॅपेट वाजतच नाही. गॅप मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टोकाला आणून. त्या स्थितीत दोन्ही रॉकर किंचित हलायला हवेत. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच घ्या. लहान सिंगल सिलिंडर इंजिनांत तो बहुधा ०.०५ ते ०.१५ मिमीच्या दरम्यान असतो. त्या जाडीचं फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) हलकं अडखळत सरकलं पाहिजे.

आता तार. जेट पितळेचा, म्हणजे मऊ, आणि पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. स्टीलची तार त्याला ओरखडते किंवा मोठं करते, मग मिश्रण कायमचं बिघडतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. जेट उजेडासमोर धरला की भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. स्प्रे मारण्याआधी रबरी भाग काढून ठेवा, नाहीतर ते फुगतात.

'अडीच आटे' सगळ्या गाड्यांना चालत नाहीत. एअर फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवा मोजतो, तो आत घेतला की मिश्रण रिच होतं, म्हणजे त्यात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूचा पेट्रोलचं मिश्रण मोजतो, तो बाहेर काढला की रिच होतं. कोणता आहे ते न बघता फिरवलं तर उलटाच परिणाम. आधी तो हलकेच टेकेपर्यंत आत घेत आटे मोजून लिहून ठेवा. जोर लावला तर टोक मोडतं. मग इंजिन पूर्ण तापवून पाव-पाव आटा फिरवत रेस सगळ्यात जास्त आणि स्थिर होते ती जागा शोधा, आणि आयडल स्क्रूने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. स्क्रू टेकलेल्या जागेपासून तीन आट्यांपर्यंत फिरवूनही काहीच फरक पडला नाही, आणि गळतीही सापडली नाही, तर मात्र कार्बोरेटर खोला.

आयडल स्क्रू वाढवून बंद पडणं थांबतं, पण गळती किंवा घट्ट टॅपेट तसाच राहतो. घट्ट एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असाच चालवत राहिलात तर तो जळतो.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला यातलं जेट आणि मिश्रणाच्या स्क्रूचं काही लागू नाही. थ्रॉटल बॉडीवरचा रंग लावून सील केलेला स्क्रू अजिबात हलवू नका. तो हलला तर थ्रॉटल बंद असल्याचं ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला) ओळखता येत नाही. आधी इंजिनचा दिवा आणि त्याचा कोड बघा. मग बॅटरी: इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.५ ते १४.५. नंतर थ्रॉटलच्या पाकळीमागचा कार्बन क्लीनर लावलेल्या फडक्याने पुसा.