'कपडे ऐच्छिक'

फेब्रुवारीत आम्ही दोघं आठ दिवस जमैकाला जाऊन आलो. कुठल्या प्रकारच्या ठिकाणी राहिलो ते धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, भाऊजींनी जबरदस्ती नाही ना केली तुझ्यावर?"

तिची काळजी खरी होती, त्यामुळे मला राग आला नाही. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण जायचं मी ठरवलं होतं. जागा मी शोधली, पैसे मी भरले, आणि नवऱ्याला तयार करायला मला दोन महिने लागले. बाईला असं काही स्वतःहून हवंसं वाटू शकतं, हे माझ्या सख्ख्या बहिणीच्याही मनात आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ओचो रिओसजवळचं हे रिसॉर्ट फक्त प्रौढांसाठी आहे, मुलांना प्रवेश नाही. किनाऱ्याच्या एका भागात कपडे ऐच्छिक. घालायचे तर घाला, नको असतील तर काढून ठेवा. बाकी जेवणाच्या हॉलमध्ये, लॉबीत, संध्याकाळी गाणी चालतात तिथे, सगळे नीट कपड्यांत. जमैकात हे नवं नाही. पश्चिम टोकाच्या नेग्रिल गावी १९७६ साली नेग्रिल बीच व्हिलेज हे रिसॉर्ट निघालं, त्याचंच पुढे 'हेडोनिझम टू' झालं. फक्त जोडप्यांसाठी, राहणं-खाणं-पिणं सगळं एकरकमी, असं 'कपल्स' १९७८ मध्ये ओचो रिओसजवळच सुरू झालं. या सगळ्या जागा एकसारख्या नसतात. काही ठिकाणी रात्रभर धिंगाणा चालतो. काही ठिकाणी नग्न किनाऱ्यावर कपडे घालून बसायचीच मनाई असते. तसलं सगळं मी आधीच बाजूला काढलं होतं. मला 'ऐच्छिक' हाच शब्द हवा होता.

का हवा होता ते सांगायचं तर मागे जावं लागेल.

सतराव्या वर्षी माझ्या पाठीवर पहिला पांढरा डाग दिसला. मग खांद्यावर, मग मांड्यांवर. कोड. माझ्या आईने तो शब्द कधीही मोठ्याने उच्चारला नाही, 'ते' म्हणायची. दूध आणि मासे एकत्र खाल्ले असतील म्हणून झालं, असं शेजारच्या काकू सांगून गेल्या आणि आमच्या घरात मासे बंद झाले. खरं कारण इतकंच की शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवरच उलटते. कोड कुणाला लागत नाही, कशाने बाटत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. हे मला पंचविशीनंतर एका डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा सांगितलं. तोपर्यंत आठ वर्षं मी माझंच काहीतरी चुकलं असं धरून चालले होते.

ठाण्याला दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहायचो. कपडे बदलायला जागा म्हणजे मोरी, तिथेही पडद्यापलीकडे कुणीतरी दात घासत असणार. त्यामुळे अंगावरचा कपडा न उतरवता आतल्या आत दुसरा चढवायची कला आम्हा सगळ्या बहिणींना येते. मराठी घरांत वाढलेल्या पुष्कळ बायकांना येत असेल. बेल वाजली की गाऊनवर ओढणी टाकायची, ओढणी सापडली नाही तर टॉवेल टाकायचा, मग दार उघडायचं, मग ते दूधवाल्यासाठी का असेना. मला तर त्यावर आणखी एक थर होता. लांब बाह्या, बंद गळा, मागे पूर्ण पाठ. मे महिन्यातसुद्धा.

लग्नाआधी दुसऱ्या भेटीत मी नवऱ्याला स्वतः सांगितलं. तो म्हणाला, "बरं." एवढंच. सासूबाई मनाने चांगल्या होत्या, पण कार्यक्रमांना कोपरापर्यंतचं ब्लाऊज घालायचं हे त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं. मी घातलं. पुढे आम्ही टोरोंटोला आलो, सासूबाई गेल्या, सांगणारं कुणी उरलं नाही, तरी मी घालतच राहिले. आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझी पाठ नवऱ्याने दिवसाउजेडी कधी पाहिली नव्हती. त्याने कधी मागितलं नाही, मी कधी दाखवलं नाही. यात दुःखी संसार वगैरे काही नव्हतं. आमचा संसार चांगला आहे. फक्त एक दिवा कायम बंद होता.

टोरोंटोतून माँटेगो बेला साधारण चार तासांचं विमान. इथे अंगणात गुडघाभर बर्फ, आणि तिथे उतरल्यावर घामाचा तो ओळखीचा चिकटपणा. ओचो रिओसचा अक्षांश म्हणजे आपल्या मुरुड-जंजिऱ्याचाच जवळजवळ. समुद्राकाठी बदामाची झाडं, तीच लाल पानं खाली पडलेली. नारळ, चिंच, जास्वंद. आणि नीरफणस! माझ्या आजोळी परसात होता तसाच. नंतर वाचलं की गुलामांना स्वस्तात खाऊ घालता यावं म्हणून ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन ब्लायने १७९३ साली ताहितीहून जहाजात घालून ती रोपं इथे आणली. जेवणात मटणाची करी आली, तिलाही इतिहास आहे. १८४५ मध्ये पहिलं जहाज भारतातून मजूर घेऊन जमैकाला लागलं, त्यांच्याबरोबर हळद-मसाले गेले. हॉटेलमधल्या एका मुलाने सांगितलं की उन्हाळ्यात या, आमच्याकडे 'बॉम्बे' नावाचा आंबा असतो. मला भरून आलं.

पहिले दोन दिवस मी त्या भागात गेले, पण पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालूनच. कुणी काही म्हणालं नाही. हे मला आवर्जून सांगायचंय, कारण लोकांना वाटतं की तिथे गेलं की काढावंच लागतं. नियम असे होते: बसायचं तिथे आधी स्वतःचा टॉवेल अंथरायचा. फोन आणि कॅमेरा बाहेर काढायचा नाही. कुणाकडे टक लावून बघायचं नाही. या तीन गोष्टी सगळे इतक्या सहज पाळत होते की तासाभरात मीसुद्धा माणसांकडे बघायचं थांबवलं आणि समुद्राकडे बघायला लागले. तिथली शरीरं मासिकांतली नव्हती. साठी-सत्तरीची माणसं, सुटलेली पोटं, ऑपरेशनचे व्रण. आमच्या बाजूला क्यूबेकचं एक वयस्क जोडपं होतं. त्या बाईंचा एक स्तन काढलेला होता, आणि त्या शांतपणे शब्दकोडं सोडवत बसल्या होत्या. वर्षानुवर्षं ते दोघं सेंट मार्टिन बेटावर ओरिएंट बेला जायचे. तिथला जुना क्लब सप्टेंबर २०१७ च्या इर्मा वादळात जमीनदोस्त झाला, तेव्हापासून दुसरीकडे जातात. त्याबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरले. माहेरचं घर पडलं तर बोलेल तशा बोलत होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, ऊन कोवळं असताना, मी पोशाख काढून ठेवला.

मला वाटलं होतं छाती धडधडेल. तसं झालं नाही. झालं ते असं की पाठीला वारा लागला. पाठीला वारा लागतो म्हणजे काय हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. नवरा वळला, त्याने पाहिलं. पाहिलं म्हणजे नीट पाहिलं, नजर फिरवली नाही. आणि म्हणाला, "थांब, अशी जाऊ नकोस, डाग जळतील." कोडाच्या जागी त्वचेला संरक्षण नसतं, ऊन लगेच भाजतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याने सनस्क्रीन घेतलं आणि एकेक डाग बघून, कडेपर्यंत, नकाशा रंगवावा तसं लावत राहिला. बराच वेळ लागला. दोघंही काही बोललो नाही.

मग मी पाण्यात गेले.

आता जे मला म्हणायचंय ते. आपल्याकडे अशा विषयावर बोललं की लोक 'नग्न' या शब्दापाशीच थांबतात. माझ्यासाठी महत्त्वाचा शब्द 'ऐच्छिक' आहे. माझ्या अंगावर काय असावं हे सतराव्या वर्षापासून आईने, काकूंनी, सासूबाईंनी आणि पुढे माझ्याच भीतीने ठरवलं. नऊवारी की पाचवारी, पदर खांद्यावर की डोक्यावर, पंजाबी ड्रेस चालेल का, जीन्स चालेल का, गाऊनवर ओढणी आहे का. आपल्या बायकांचा कपड्यांचा इतिहास हा परवानग्यांचा इतिहास आहे. त्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशी मी झाकलेली होते आणि तिसऱ्या दिवशी नव्हते. दोन्ही दिवशी माझा निर्णय माझा होता आणि दोन्ही दिवशी त्याचा मान राखला गेला. बुरखा, घुंगट किंवा नऊवारी स्वतःच्या मर्जीने नेसणाऱ्या बाईच्या बाजूने मी जितकी उभी आहे, तितकीच या बाजूनेही.

'हे आपल्या संस्कृतीत नाही' असं सांगणाऱ्यांना एक विचारते. नाशिकच्या कुंभात नागा साधू आले की आपण हात जोडतो ना? म्हणजे नुसत्या देहाची आपल्याला अडचण नाही. तो देह बाईचा असला आणि त्यावरचा निर्णयही तिचाच असला की अडचण होते. आणि हा वाद मराठीत आजचा नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढत होते, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र छापत होते, नग्न देहात अश्लील काही नाही हे निक्षून सांगत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण उभे राहिले. याच विषयावर आपण अजूनही कुजबुजत बोलतो, याचं मला वाईट वाटतं.

आणि माझ्या ठाण्याची एक गोष्ट. १८९१ साली तिथे चार्ल्स क्रॉफर्ड नावाचे इंग्रज जिल्हा न्यायाधीश होते. त्यांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' ही संस्था काढली. निसर्गात विवस्त्र राहण्यासाठी जगात निघालेल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ही एक. सदस्य तिघंच. पुढे त्यांची रत्नागिरीला बदली झाली, १८९४ मध्ये ते वारले आणि सगळं संपलं. ज्या शहरात मी उन्हाळ्यात गुदमरत लांब बाह्या घालून फिरले, त्याच शहरात हे घडलं होतं. पण त्या साहेबाला ती चैन परवडत होती. त्याच ठाण्यात लंगोटीवर शेतात राबणारा माणूस साहेबांच्या जगात रानटी ठरत होता. कपडे काढण्याची मुभा कुणाला प्रतिष्ठा देते आणि कुणाची घालवते, हे तेव्हाही पैशावर आणि सत्तेवर ठरत होतं.

तेच जमैकातही मला टोचलं. किनाऱ्यावर शहाळी आणून देणारी साधारण माझ्याच वयाची एक बाई होती, पूर्ण युनिफॉर्ममध्ये, गळ्याशी बटण लावलेलं. दर रविवारी चर्चला जाणारी. मी तिला विचारलं, तुम्हाला आमच्याकडे बघून कसं वाटतं? ती म्हणाली, तुमचं तुमच्यापाशी, मला फक्त माझ्या नातवंडांना असा किनारा हवाय. तिचं म्हणणं मला नंतर समजलं. जमैकात १९५६ चा किनाऱ्यांबाबतचा कायदा आहे. किनारा सरकारच्या मालकीचा धरलेला आहे, आणि तिथे जायचा, पोहायचा सरसकट हक्क सामान्य माणसाला नाही. चांगले किनारे हॉटेलांच्या कुंपणात गेले. लोक संघटना करून याविरुद्ध कोर्टात लढत आहेत. मुरुडच्या वाळूवर कुणीही उठून जातं. तिथल्या बाईला स्वतःच्या देशातल्या समुद्राला पाय लावायला तिकीट काढावं लागतं किंवा लांब जावं लागतं. माझं 'ऐच्छिक' मी डॉलर मोजून विकत घेतलं होतं आणि तिचा समुद्र त्या किमतीत आला होता. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण माझ्या आनंदाची गोष्ट सांगताना ही गाळून सांगणं मला जमणार नाही. पुढच्या वेळी जाऊ तेव्हा गावातल्या माणसांच्या घरी राहायचं आणि गावातल्या किनाऱ्यावर, त्यांच्या रीतीप्रमाणे कपडे घालून जायचं, एवढं आम्ही दोघांनी ठरवलंय.

सगळ्यांनी असं करावं असं मी म्हणत नाही. नवऱ्याच्या हट्टापायी अशा जागी जाणारी बाई असेल, तर तिने जाऊ नये, आणि नाही म्हणताना तिला एकटं वाटू नये. माझ्या बहिणीचा प्रश्न अशा बाईसाठी बरोबरच आहे. माझ्यापुरतं उत्तर मी तिला दिलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पाठ भाजली नाही ना गं?" नाही भाजली.

डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. ठाण्याच्या शिंप्याला फोन करून ब्लाऊजचं माप सांगितलं. बाह्या किती, त्याने विचारलं. बाह्या नकोत, म्हणाले.

कोड असलेल्या ज्या मैत्रिणींना समुद्रात उतरायचंय, त्यांनी सकाळी नऊच्या आत नाहीतर चारनंतर जा, पन्नास एसपीएफचं सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर लगेच पुन्हा लावा, पाठीला लावायला कुणीतरी बरोबर असू द्या. आणखी काही विचारायचं असेल तर इनबॉक्समध्ये लिहा, मी नक्की उत्तर देईन.