कॅथरीन मठात नव्हती

इटलीतल्या सिएना शहराच्या संत कॅथरीनचं (१३४७-१३८०) आयुष्य 'मठाच्या चार भिंतींत' गेलं, हे एका लेखातलं वाक्य खटकलं. ती मठवासी जोगीण नव्हतीच. डोमिनिकन या कॅथलिक साधुपंथाशी जोडलेल्या 'मांतेल्लाते' नावाच्या बायकांपैकी ती एक. पांढरा पोशाख, वर काळा झगा, आणि राहायचं आपापल्या घरीच. त्यात बहुतेक विधवा, ही मात्र कोवळी अविवाहित पोर, बाप रंगारी. मठाच्या बंदिस्त नियमात अडकली असती तर रुग्णांची सेवा करत गावभर फिरली नसती, आणि १३७६ साली आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्यॉंला (तेव्हा पोप रोम सोडून तिथे राहत) जाऊन अकराव्या ग्रेगरी पोपला 'रोमला परत चला' असं तोंडावर सांगणं तर दूरच. पोप पुढच्याच वर्षी जानेवारीत रोमला पोचले. श्रेय एकट्या तिचं नाही, हेही खरं.

सिएनात सान दोमेनिको चर्चमध्ये तिचं शिर जपलेलं पाहिलं होतं, धड रोमला. पण मला जास्त आठवतं ते सिएनातल्याच फोंतेब्रांदा भागाच्या उतारावरचं तिचं घर. चांगलं भरल्या वस्तीत आहे!