‘एक पाइप दाबून बसवला आणि साडेसहाशे घेतले’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची शनिवारची सकाळ इथे गेली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. आमचा पोरगा तुमच्यावर ओरडला, तेही चुकलंच. गिऱ्हाइकापुढे आवाज चढवायचा नाही, हे त्याला बजावलंय. पण पेट्रोलचा वास येणाऱ्या गाडीशेजारी तुम्ही सिगारेट पेटवत होता, म्हणून तो ओरडला. ते रिव्ह्यूत आलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की खंबाटकीच्या अलीकडे स्टेपनी बदलल्यावर गाडीत वास यायला लागला, इथे आणली तर अडीच तास बसवून ठेवलं, आणि शेवटी ‘लीक नाही’ म्हणत एक पाइप दाबून ६५० रुपये घेतले. पैशाचं गाडी वर घेण्याआधीच ठरलं होतं, त्यावर वाद घालत नाही. ‘बसवून ठेवलं’ हे मात्र लागलं. चार घरं या गॅरेजवर चालतात आणि नवीन माणूस हे वाचूनच गाडी आणायची की नाही ते ठरवतो. म्हणून त्या अडीच तासांचा हिशोब देतो.

गाडी हायवेवरून थेट आली होती. सायलेन्सर तापलेला असताना शेजारचा पेट्रोलचा पाइप चाचपायला गेलं आणि चुकून थेंब त्यावर पडला, तर गाडी पेटू शकते. म्हणून पहिली चाळीस मिनिटं तिला हात लावला नाही.

पुढचा अर्धा तास टळला असता. जॅक कुठे लावला होता असं विचारलं, तेव्हा तुम्ही ‘बरोबर जागेवरच’ म्हणालात. त्यावर विश्वास ठेवून आम्ही बॉनेट उघडून इंजेक्टरच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाच्या, बाजूने बघायला लागलो. गाडी लिफ्टवर चढल्यावर खरं काय ते दिसलं: दाराखालच्या पट्टीपासून वीतभर आत जॅकच्या डोक्याचा ठसा, काळं कोटिंग खरवडून आतला पत्रा चकाकत होता. फोटो तुम्हाला तेव्हाच पाठवलाय. पट्टीला पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे दोन-दोन खाचा असतात, जॅक त्या दोन खाचांच्या मधे बसवायचा. तुमच्या गाडीला आतल्या अंगाला नुसता पातळ पत्रा आहे आणि त्याला लागून प्लॅस्टिकच्या क्लिपांमध्ये पेट्रोलचा, वाफेचा आणि ब्रेकचा पाइप जातो. तिथे जॅक चढवला की गाडी उचलण्याआधी पाइप चेपतात. हे कुणाच्याही हातून घाईत होतं, त्यात लाज वाटायचं कारण नाही. पण तेवढं सांगितलं असतं तर आम्ही थेट तिथेच गेलो असतो.

आता ‘लीक नाही’ हे दोन शब्द. थोडं झिरपलेलं पेट्रोल उन्हाळ्यात खाली पडायच्या आत उडून जाऊ शकतं, त्यामुळे पाइप कोरडा आहे म्हणजे लीक नाही असं होत नाही. धुळीत धुतल्यासारखा स्वच्छ ओघळ दिसतो का ते बघावं लागतं. मग टाकीपासून इंजिनपर्यंत पाइप पुसून घेतला, खाली पुठ्ठा अंथरला आणि स्टार्ट न करता चार वेळा चावी ऑन केली. दर वेळी टाकीतला पंप दोन-तीन सेकंद फिरून प्रेशर भरतो. टायरमध्ये आपण ३२-३३ ठेवतो, या पाइपमध्ये ५० च्या आसपास असतं. बारीक चीर बंद गाडीत कोरडी दिसू शकते आणि प्रेशर आलं की फवारते. त्यानंतर प्रेशर मोजायचं गेज लावून इंजिन पंधरा मिनिटं चालवलं, बंद केलं आणि वीस मिनिटं काटा बघितला. काटा उतरला असता, तर पाइप की इंजेक्टर की पंपाचा व्हॉल्व्ह, हे वेगळं शोधावं लागलं असतं. तो उतरला नाही. पाइपला चेप आहे, चीर नाही.

मग वास कशाचा? टाकीतली वाफ कॅनिस्टरकडे (वाफ धरून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे) नेणारा पाइप जॅकच्या रेट्याने ओढला जाऊन कनेक्टरच्या लॉकमधून निम्मा बाहेर आला होता. त्यातून सहसा थेंब पडत नाही, नुसता वास येतो, आणि टाकी भरलेली असली की जास्त. इथे कॉम्प्रेसरची हवा चालत नाही, हातपंपाने हलकी हवा भरून साबणाचा फेस लावला तेव्हा बुडबुडे आले. तो बसवायला दोन मिनिटं लागली, हे खरं आहे. तुटलेल्या दोन क्लिपाही नव्या टाकल्या, त्या बिलात धरलेल्या नाहीत. तुम्ही म्हणत होता तसं एम-सील थापून सोडलं असतं, तर पंधरा मिनिटांत मोकळे झाला असता आणि वास तसाच राहिला असता.

यापुढे साधारण किती वेळ लागेल ते आधी सांगू, बसायच्या जागेचंही बघतो.

चेपलेला पाइप अजून गाडीत आहे. पुढच्या वेळी टाकी फुल केलीत की गाडी उघड्यावर लावा, रात्रभर खाली कोरा पुठ्ठा ठेवा आणि सकाळी चावी फिरवायच्या आधी वाकून बघा. डाग दिसला किंवा वास आला तर स्टार्ट न करता फोन करा. आम्ही तिथे येऊन बघू, त्याचे पैसे घेणार नाही.