चालण्याची पट्टी कोणी विकत नाही

धाराशिवच्या बसस्थानकाजवळच्या टपरीवर रविवारी वाद पेटला तो मधुमेहाच्या गोळ्यांवरून. बालाजीचे मेडिकल आहे आणि महिन्याची औषधे एकदम न परवडल्यामुळे मेटफॉर्मिनच्या पट्टीतल्या पाचच गोळ्या कात्रीने कापून नेणारी गिऱ्हाइके तो रोज पाहतो. सरकारने आधी ही औषधे पुरवावीत, आजार टाळण्याच्या संशोधनाचे लाड नंतर करावेत, असे त्याचे ठाम म्हणणे होते. "माणूस आज मरालाय अन् तुम्ही वीस वर्षांनंतरचं बोलालाव," हे त्याचे वाक्य सगळ्यांनाच लागले.

आजार टाळण्याच्या संशोधनाला सरकारनेच पैसा द्यावा, असे म्हणणाऱ्या कुलकर्णी सरांनी हिशेब मांडला. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आरोग्य मंत्रालयाला जवळपास एक लाख कोटी रुपये आहेत आणि त्यांतले आरोग्य संशोधन विभागाच्या वाट्याला सुमारे ३,९०० कोटी, म्हणजे शंभरातले चार रुपयेही नाहीत. त्यातही साथरोगांपासून प्रयोगशाळांपर्यंत अनेक वाटेकरी. चेन्नईत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांना नियमित चालणे आणि आहारबदल यांचा जवळजवळ मेटफॉर्मिनइतकाच उपयोग झाला होता. पण चालण्याची पट्टी कोणी विकत नाही, त्यामुळे असा अभ्यास औषध कंपनी कशाला करील, हा सरांचा प्रश्न मला बिनतोड वाटला.

मग विषय आपल्याच जिल्ह्यावर आला. १९९९ पासून इथल्या गावांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय त्यात होते. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी (हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणारी) देऊ केलेल्या साधारण ३४ हजार स्त्रियांच्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न केलेल्या ३१ हजारांमध्ये ६४. निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजले. पैसा मात्र गेट्स फाउंडेशनचा होता.

इथे आरोग्यसेविका असलेल्या सुनंदाताईंनी सरांनाच अडवले. त्या ३१ हजार जणींना तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि पैसा सरकारी असता तर निदान इथल्या आमदाराला, जिल्हा परिषदेला जाब विचारता आला असता, असे त्या म्हणाल्या. माझ्या मते निधी सरकारी असण्याचे याहून सबळ कारण नाही.

बालाजी तरीही हटला नाही. २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त पद्धतच आहे, आणि धाराशिवच्या अभ्यासात तिने मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले नव्हते; मग आपल्या बायांनी दिलेला पुरावा आपल्याच उपकेंद्रात पोचत नसेल तर नव्या अभ्यासाला पैसे कशाला, असे त्याने विचारले. एचपीव्ही चाचणी उपकेंद्राला परवडेल अशी कशी करायची, हाही संशोधनाचाच विषय आहे, असे सर म्हणाले. त्यावर सुनंदाताईंनी एवढेच विचारले की, त्या संशोधनासाठी घरोघर फिरणाऱ्या आशाताईंचे मानधन त्या निधीत धरले जाणार आहे की नाही.