फुल फ्रेमचा हप्ता बांधून घेण्याआधी

फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. थोडक्यात तो असा: "फुल फ्रेम कॅमेरा नसेल तर तुम्ही फोटोग्राफर नाही, अंधारात तर फोटो येणारच नाही. किट लेन्स फेकून द्या. मेगापिक्सेल जितके जास्त, तितका फोटो भारी. एडिटिंग शिकण्यात वेळ घालवू नका, प्रीसेट पॅक घ्या, एका क्लिकमध्ये काम होतं. गाजलेले रील बघा, तसेच फोटो काढा, आपोआप शिकाल." खाली नेहमीचं, 'पटलं तर पुढे पाठवा'.

मी सोलापुरात लग्नाची कामं करतो आणि रविवारी चार-पाच पोरांना शिकवतो. त्यातला एक पूर्व भागातला आहे. वडील टॉवेलच्या मागावर, आई घरी विड्या वळते. दिवाळीच्या आधी तो हा मेसेज घेऊन आला. म्हणाला, "काका, दोन लाखांचा बघून ठेवलाय. चोवीस हप्ते पडतात. घेऊ का?" दोन लाखांना चोवीसनं भागलं तर व्याज न धरताच महिन्याला ८,३३३ रुपये होतात. लग्नाची तिथी नसलेल्या महिन्यातही ते भरावेच लागतात. मी स्वतः असा हप्ता तीन वर्षं भरलाय. त्या तीन वर्षांत माझे फोटो होते तिथंच राहिले, कारण लेन्स, फ्लॅश आणि प्रिंट यांच्यासाठी हातात पैसाच उरला नाही. म्हणून या मेसेजचं एकेक वाक्य घेऊन बोलतो.

"फुल फ्रेम नसेल तर अंधारात फोटो येणारच नाही"

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. आपल्यातल्या बहुतेकांकडे असतो तो एपीएस-सी, म्हणजे साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात फरक सुमारे सव्वादोन पटींचा, आणि स्टॉपच्या भाषेत (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) सव्वा स्टॉप. सारख्याच काळातले दोन सेन्सर घेतले, तर लहान सेन्सरवर आयएसओ (उजेडासाठीची संवेदनशीलता) ३२०० ला जेवढे दाणे दिसतात, तेवढे फुल फ्रेमवर ७५०० च्या आसपास दिसतील. हा फरक खरा आहे, तो मी नाकारत नाही.

आता दुसरा हिशेब. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स ५५ ला नेली की तिचं तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). ५० मिमीची साधी एफ १.८ लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते, म्हणजे सव्वातीन स्टॉप. ही लेन्स दहा ते वीस हजारांत मिळते, जुनी त्याहून स्वस्त. दोन लाखांत सव्वा स्टॉप की पंधरा हजारांत सव्वातीन, हे ज्याचं त्यानं बघावं. एक अडचण मात्र सांगून ठेवतो. एफ १.८ ला नवरा-नवरी पुढेमागे उभे असतील तर एकाचेच डोळे शार्प येतात. जोडीला २.८ किंवा ४ वर या.

हा पोरगा म्हणत होता की त्याचा कॅमेराच खराब आहे. वडिलांच्या कारखान्यात काढलेल्या प्रत्येक फोटोवर आडवे काळपट पट्टे आले होते. फोटो मोठे करून पाहिले. शटर १/५०० सेकंद, सायलेंट मोड (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक शटर) चालू, आणि वर रांगेनं जुन्या ट्यूबलाइट. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशा ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे त्याला बरोबर कळतं. सायलेंट मोड बंद करून शटर १/१०० वर आणायला सांगितलं, म्हणजे प्रत्येक ओळीला उजेडाचा एक पूर्ण चढउतार मिळतो. पुढच्या रविवारी एकाही फोटोवर पट्टा नव्हता. मग १/१५ वर, मागात इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याची धावती रेघही त्यानं टिपली. त्यासाठी कॅमेरा कपड्यांच्या ठेल्यावर टेकवला होता, ट्रायपॉडही नव्हता. दोन लाखांचा कॅमेरा त्याच मोडवर त्याच ट्यूबखाली नेला असता, तरी बहुधा पट्टेच आले असते. (मागांच्या शेडमध्ये लेन्स मात्र बदलू नका. हवेत तरंगणारं तूस थेट सेन्सरवर जाऊन बसतं.)

धंद्यासाठी मोठी बॉडी घेण्याचं एक पक्कं कारण आहे आणि ते या मेसेजमध्ये नाहीच: दोन मेमरी कार्डं. लग्न पुन्हा होत नाही. एक कार्ड गेलं तरी दुसऱ्यावर सगळं असतं, हा धीर पैसे मोजण्यासारखा आहे. नव्या कॅमेऱ्यांचा डोळ्यावर धरून ठेवणारा फोकसही खरोखर उपयोगी आहे. पण यातलं काहीही फुल फ्रेमवाल्यांचीच मक्तेदारी नाही.

"किट लेन्स फेकून द्या"

फेकू नका. भर दुपारी, एफ ८ वर, त्या लेन्सचं काम चोख असतं, आणि सोलापुरात उन्हाला काय तोटा? मंगल कार्यालयाच्या अंगणात पंधरा जणांचा ग्रुप फोटो १८ मिमीवरच घ्यावा लागतो. तिथं ५० मिमी घेऊन मागं सरकायला गेलात तर पाठ भिंतीला लागते.

संध्याकाळच्या घरगुती हळदीला मात्र किट लेन्सच्या जोडीला नव्या लेन्सआधी फ्लॅश घ्या, आणि तो तोंडावर मारू नका. छतावर किंवा भिंतीवर मारा. पण भिंत कसली आहे ते आधी बघा. आपल्याकडे कित्येक घरांत हिरवा किंवा निळा ऑइलपेंट असतो. त्यावरून परतलेला उजेड नवरीच्या गालावर तोच रंग घेऊन येतो, आणि तो नंतर काढणं महाकठीण, कारण अर्धा चेहरा हिरवा आणि अर्धा बरोबर असतो. पांढऱ्या थर्माकोलची एक शीट गाडीत ठेवा. माझ्या कामात तिनं जेवढे चेहरे वाचवले, तेवढे कुठल्याच लेन्सनं वाचवले नाहीत.

"मेगापिक्सेल जितके जास्त, तितका फोटो भारी"

१२ × १८ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके) काढायची तर ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. २४ चा कॅमेरा पुरून उरतो. ४के टीव्हीला तर सव्वाआठच लागतात. अल्बमच्या १२ × ३६ च्या जोडपानावर सहसा तीन-चार फोटो असतात, एकच कडेकडेपर्यंत ताणलेला क्वचित. पंचेचाळीस मेगापिक्सेलनं हार्ड डिस्क मात्र नक्की भरते. यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

"एडिटिंग शिकू नका, प्रीसेट घ्या"

मेसेजमधलं सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य हे आहे.

प्रीसेट म्हणजे कुणीतरी त्याच्या फोटोसाठी सरकवलेल्या स्लायडरांचे साठवून ठेवलेले आकडे. त्याचा उजेड वेगळा, त्याचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची जुळवणी) वेगळा, त्याच्यासमोरची माणसं वेगळी. आपल्या हळदीला तो लावला की बहुतेक वेळा दोन गोष्टी होतात. पिवळा रंग मातकट होतो, कारण हल्लीच्या पॅकमध्ये पिवळा आणि हिरवा दाबायची पद्धत आहे. आणि नारिंगीची ल्युमिनन्स (उजळपणा) वर ढकललेली असते, म्हणून सावळी कातडी पिठासारखी फिकट दिसते. हळदीच्या फोटोत हळदच मेली, तर उरलं काय?

"जरा गोरं करा हो" असं घरचे सांगतात. मला त्याचा मनापासून त्रास होतो. मी तेव्हा नवरीलाच शेजारी बसवतो आणि दोन्ही फोटो दाखवतो, तिच्या खऱ्या रंगाचा नीट एक्स्पोज केलेला आणि दुसरा उजळवलेला. बहुतेक मुली पहिल्यावर बोट ठेवतात. तिचा रंग नीट उतरवणं हे आपलं काम आहे, आणि ते शिकल्याशिवाय येत नाही.

आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचं उदाहरण घ्या. जानेवारीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत सगळीकडे पांढऱ्या बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचे अंगरखे. फ्रेम बाराबंद्यांनी भरली की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं. एवढं पांढरं बघून ते उजेड कमी करतं आणि शुभ्र कापड राखाडी येतं. तिथं एक स्टॉप वाढवावा लागतो. आणि एकच बाराबंदीवाला मागच्या काळोख्या दारासमोर उभा असेल तर उलटं होतं. मीटर काळोखाकडे बघून उजेड वाढवतं आणि बाराबंदीचे बंद, गाठी, सुरकुत्या सगळं उडून जातं. तिथं एक स्टॉप कमी करा. एकाच मिरवणुकीत, पाच मिनिटांच्या अंतरानं काढलेल्या या दोन फोटोंना एकच प्रीसेट कसा चालेल?

म्हणून रॉ मध्ये काढा, म्हणजे सेन्सरनं टिपलेलं जवळजवळ जसंच्या तसं साठवणाऱ्या फाइलमध्ये. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा वर उचलायला त्या पायऱ्या लागतात, व्हाइट बॅलन्सही मागाहून बिनधोक बदलता येतो. मात्र पूर्ण जळालेलं पांढरं रॉ मधूनही परत येत नाही. तिथं कापडाची वीण नोंदलेलीच नसते.

शिकायचा क्रम साधा ठेवा: आधी एक्स्पोजर, मग व्हाइट बॅलन्स, मग फक्त हवी ती जागा उजळ किंवा गडद करणं. हे शेवटचं काम अमेरिकन निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स डार्करूममध्ये हातानं करत. चंद्र उगवतानाचं त्यांचं प्रसिद्ध छायाचित्र १९४१ चं. त्याच एका निगेटिव्हच्या प्रिंट ते पुढं अनेक वर्षं काढत राहिले आणि आकाश अधिकाधिक गडद करत गेले. आणि एडिट करताना स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवू नका. लॅबमधून अल्बम काळा आला की पोरं लॅबवाल्याशी भांडतात, पण दोष बहुतेक वेळा स्वतःच्या झगमगत्या स्क्रीनचा असतो. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ किती आहे ते दाखवणारा आलेख, बघायची सवय लावा, त्याला ब्राइटनेसशी देणंघेणं नसतं.

"रील बघा, तसेच फोटो काढा"

नक्कल करून हात बसतो, हे मान्य. नजर मात्र त्यानं तयार होत नाही, कारण कुठं उभं राहायचं हे दुसऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला ज्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यावर काम करत, त्यात एका रोलवर बारा फोटो यायचे. मी पोरांना तेच बंधन घालतो. एक जागा, एक लेन्स, रविवारी बाराच फोटो, आणि महिन्याचा एक प्रिंट करून भिंतीवर लावायचा. सिद्धेश्वर तलावावर पहिल्या रविवारी सगळ्यांचे फोटो सारखेच येतात, पाण्यातलं मंदिर आणि वर आभाळ. चौथ्या-पाचव्या रविवारी कुणाला पायरीवर चपला सोडून बसलेले आजोबा दिसतात, कुणाला किल्ल्याच्या भिंतीवरून सरकणारं ऊन.

त्या पोरानं शेवटी हप्ता घेतला नाही. जुनी ५० मिमी घेतली. बारा रविवार कारखाना आणि घर, एवढंच काढत बसला. सुरुवातीला पूर्ण शेड, मग एकेक माग, मग ताण्याचा तुटलेला धागा सांधणारी वडिलांची बोटं. शेवटच्या रविवारी आई दारात बसून विड्या वळत होती, उजेड डाव्या अंगानं येत होता. एफ २.२, १/१२५, आयएसओ ८००. मांडीवरच्या सुपाच्या कडेला बांधलेली चिंधीसुद्धा त्यात दिसते. तो फोटो १२ × १८ मध्ये प्रिंट करून त्यानं घरात लावला. आईनं जवळ जाऊन बघितला आणि म्हणाली, "सूप लई जुनं झालंय की रे."